कॉबलर खालून कच्चा का राहतो?

वरून छान सोनेरी, पण चमचा घातला की खाली चिकट पिठाचा थर आणि त्याखाली रसाचं तळं. पीच कॉबलर पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हेच येतं. तसं त्यात अवघड काही नाही. खोलगट भांड्यात फळांच्या फोडी घालायच्या, त्यावर मऊ पिठाचे गोळे ठेवायचे आणि सगळं एकत्र भाजायचं. गोची त्या ‘एकत्र’मध्येच आहे. फळ शिजताना पाणी सोडतं आणि पिठाला तर आपलं पाणी घालवायचं असतं.

हा पदार्थ अमेरिकेचा, आणि पीचचा कॉबलर खास दक्षिणेकडच्या राज्यांचा. जॉर्जियातल्या मार्शलव्हिलचे सॅम्युअल रंफ यांनी १८७०च्या दशकात ‘एल्बर्टा’ ही पीचची जात तयार केली आणि तिला आपल्या बायकोचं नाव दिलं. तिचा बाठा गरापासून सहज सुटतो. कॉबलरला असेच पीच घ्यावेत. बाठ्याला चिकटलेला गर ओरबाडून काढावा लागला, तर फोडींचा लगदा होतो आणि रस आधीच वाहून जातो. आपल्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीस हिमाचलातून पीच येतात, ते दाबून पाहून घ्यावेत. देठाजवळ किंचित दबणारा पीच बरोबर.

पिकलेल्या पीचच्या वजनात जवळजवळ ८९ टक्के पाणी असतं. त्यातलं जादा पाणी ओव्हनच्या बाहेरच काढायचं. सहा जणांसाठी १ किलो पीच घ्या. बुडाला फुलीसारखी चीर देऊन ३० ते ६० सेकंद उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकले, की साल हातानं निघते. प्रत्येकाच्या आठ फोडी करा, ५० ग्रॅम साखर चोळा आणि अर्धा तास ठेवा. लोणच्याच्या कैरीला मीठ लावल्यावर जे होतं तेच इथे साखर करते, फोडीतलं पाणी बाहेर खेचते. रस गाळून त्यातला ६० मिलिलिटर तेवढा परत घाला. उरलेला सरबताला छान लागतो. मग १ मोठा चमचा लिंबाचा रस आणि ५ ग्रॅम (साधारण २ छोटे चमचे) कॉर्नफ्लॉर. कॉर्नफ्लॉर म्हणजे मक्याचा पांढरा स्टार्च, भाकरीचं मक्याचं पीठ नव्हे.

स्टार्चचे कण साध्या पाण्यात ६२ ते ७० अंशांच्या आसपास फुगू लागतात. साखर त्यांच्या वाटणीचं पाणी पळवते, म्हणून इथे त्यांना जास्त उष्णता लागते. रस खरा दाटतो तो उकळीच्या जवळ पोचल्यावर. कडेला बुडबुडे दिसले म्हणून भांडं बाहेर काढू नये. मधोमध रस रटरटायला हवा. पातळ रसाचे बुडबुडे लहान आणि भराभर येतात, दाटलेल्याचे मोठे आणि सावकाश फुटतात.

आता वरचं पीठ. १५० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम साखर, १ छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खायचा सोडा, ७० ग्रॅम गार बटर आणि ९० ग्रॅम दही. बटर बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ. अमेरिकन कृतींमधलं ‘बटरमिल्क’ आपल्या ताकापेक्षा बरंच दाट असतं, म्हणून त्याऐवजी ताक ओतलं की पीठ पळीवाढं होतं. दही घोटून घातलेलं बरं. त्यातल्या आंबटपणाशी सोड्याची क्रिया होऊन वायू लगेच सुटू लागतो, तेव्हा पीठ भिजवून ठेवायचं नाही. आपल्या उकाड्यात बटर तासभर फ्रीझरमध्ये ठेवून किसणीवर किसावं. ते ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि हाताची ऊबही त्याला पुरते. बटरचे न वितळलेले तुकडे ओव्हनमध्ये गेले तर त्यांतल्या पाण्याची वाफ होऊन पदर सुटतात. दही घातल्यावर मळायचं अजिबात नाही. मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिकटपणा देणारं प्रथिन, ताणलं गेलं की गोळे चिवट होतात. पीठ जेमतेम गोळा झालं की थांबावं.

खालून कच्चं राहण्याचं मुख्य कारण म्हणजे गार फळांवर ठेवलेलं पीठ. त्याखालचा रस फार तर १०० अंशांच्या थोडा वर जातो. म्हणजे गोळ्यांचा तळ भाजत नाही, मोदकासारखा उकडतो. तो पांढरा राहणारच, त्यात दोष नाही. पण रस तापायलाच वीस मिनिटं गेली, तर वरचा भाग लाल होईपर्यंत तळाला उकडायला वेळच मिळत नाही. म्हणून आधी नुसती फळं २०० अंशांवर १० ते १२ मिनिटं ठेवा. कडा उकळू लागल्या की सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जाडीचे सहा गोळे ठेवा, मध्ये बोटभर फटी सोडून. वाफेला वाट हवी. सलग झाकण घातलं तर वाफ पिठातच मुरते. पुढे २० ते २५ मिनिटं. मधला गोळा उकलून पाहावा. आत चकाकणारा लगदा दिसला तर कच्चा, जाळीदार दिसला तर झाला. थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या आत ९३ अंश.

छोट्या ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, वरची तापणारी कांडी जवळ असल्यानं माथा लवकर करपतो. जाळी खालच्या खाचेत लावा, दोन्ही कांड्या चालू ठेवा.

पीचऐवजी ब्लूबेरी किंवा जांभूळ घेतलं, तर कधी गोळ्याच्या कडेला निळसर-हिरवी किनार दिसते. बुरशी नव्हे ती! या फळांतली अँथोसायनिन रंगद्रव्यं आंबट रसात लालसर असतात, सोडा जास्त झालेल्या पिठाला लागली की निळी-हिरवी होतात. सोडा मोजून घालणं हाच उपाय.

बाहेर काढल्यावर निदान अर्धा तास हात लावू नये, कारण गरम असताना स्टार्चचा रस पातळच वाटतो. उरलेला फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर कॉर्नफ्लॉरऐवजी साबुदाणा मिक्सरमधून अगदी बारीक दळून वापरा. कॉर्नफ्लॉरनं दाटलेला रस गोठून वितळला की पाणी सोडतो. साबुदाण्याचा, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा स्टार्च त्यापेक्षा बरा टिकतो. परत गरम करायचा तर ओव्हनमध्ये, १६० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये गोळे आधी ओलसर होतात आणि ताटात येईपर्यंत चामट.