लायसन्स ओपन सोर्स आहे, मग पेटंटचं काय? दोन परवानग्या ज्या आपण एकच समजतो

"लायसन्स बघितलं, एमआयटी आहे, आता टेन्शन नाही" हे ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना बघायला आणि वापरायला खुल्या, कोडबद्दल मी कितीतरी जणांकडून ऐकलंय आणि बरीच वर्षं मी पण हेच समजत होतो. पण यात दोन वेगळ्या परवानग्यांची सरमिसळ होते, एक कॉपीराइटची आणि दुसरी पेटंटची. पहिली हातात आली की दुसरी पण आलीच असं आपण धरून चालतो, आणि ते दरवेळी खरं नसतं.

कॉपीराइट आधी घेऊ, ते त्यातल्या त्यात सोपं आहे. कोड लिहिला की त्यावर लिहिणाऱ्याचा हक्क आपोआप तयार होतो, अर्ज वगैरे काही लागत नाही, म्हणूनच नेटवर उघडा दिसणारा पण लायसन्स नसलेला कोड उचलून वापरता येत नाही. जीपीएल, एमआयटी, बीएसडी ही ओपन सोर्स लायसन्सं म्हणजे त्या लिहिणाऱ्याने दिलेली परवानगी आहे, की घे, वापर, बदल, पुढे दे, फक्त एवढ्या अटी पाळ. आणि हा हक्क लिहिलेल्या ओळींपुरता असतो, त्यामागच्या कल्पनेवर नाही. तुम्ही माझा कोड न बघता स्वतःच्या डोक्याने तेच काम करणारा प्रोग्राम लिहिलात तर मला तक्रार करायला जागाच नाही.

पेटंटमध्ये नेमकं इथेच सगळं फिरतं. पेटंट ते काम करण्याच्या पद्धतीवरच असतं, ते अर्ज करून मिळवावं लागतं, ज्या देशात मिळालं तिथेच चालतं आणि अर्जाच्या तारखेपासून साधारण २० वर्षं टिकतं. "मी कोणाचं बघितलं नाही, सगळं स्वतः लिहिलंय" हे उत्तर तिथे चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेटंटवाला हा त्या प्रोजेक्टमध्ये एक ओळही न लिहिलेला तिसराच कोणीतरी असू शकतो, मग प्रोजेक्टच्या सगळ्या लेखकांनी कितीही मनापासून परवानगी दिली तरी त्या तिसऱ्याची परवानगी ते कुठून देणार?

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो ओपनएच२६४ मध्ये. एच.२६४ हा व्हिडिओचा फॉरमॅट पेटंटने भरलेला. सिस्को या नेटवर्किंग कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केलं की आम्ही ओपनएच२६४ हा आमचा कोडेक (व्हिडिओ त्या फॉरमॅटमध्ये बदलणारा आणि परत उलगडणारा प्रोग्राम) बीएसडी लायसन्सखाली खुला करतो, शिवाय तयार बायनरी, म्हणजे थेट चालवता येणारी फाइल, आम्ही बनवून देऊ आणि तिची पेटंट फी पण आम्हीच भरू. म्हणून फायरफॉक्स तो कोडेक स्वतःच्या पॅकेजमध्ये घालत नाही, सिस्कोकडून वेगळा डाउनलोड करून घेतो. आता तोच सोर्स (मूळ कोड) तुम्ही घेतला आणि स्वतः कंपाइल करून, म्हणजे त्यातून आपली बायनरी बनवून, वाटला तर कॉपीराइटच्या बाजूने तुम्ही एकदम स्वच्छ, पण पेटंटची जबाबदारी तुमच्यावर, सिस्कोने भरलेली फी तुमच्या बायनरीला लागू होत नाही. सोर्स तोच, लायसन्स तेच, तरी असं.

दोन्ही बाजू एकाच भांडणात बघायच्या असतील तर अमेरिकेतली जेकबसन विरुद्ध कॅट्झर ही केस वाचा. खेळण्यातल्या रेल्वेचे ट्रॅक आणि इंजिनं चालवणारं जेएमआरआय नावाचं फुकट सॉफ्टवेअर, त्याच्या डेव्हलपरकडे, जेकबसनकडे, कॅट्झरच्या कंपनीने पेटंटच्या नावाने पैसे मागितले. नंतर लक्षात आलं की त्याच कंपनीने जेएमआरआयच्या फाइली आपल्या प्रॉडक्टमध्ये घेतल्या होत्या, लेखकांची नावं आणि लायसन्सची नोंद न ठेवता. २००८ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की ओपन सोर्स लायसन्सच्या अटी मोडणं हे कॉपीराइटचं उल्लंघन ठरू शकतं, नुसता करारभंग नाही. त्या पेटंटवरचा दावा कंपनीने सोडून दिला आणि २०१० मध्ये तडजोड झाली. मला ही केस फार मोलाची वाटते, कारण फुकट दिलेल्या कोडच्या अटींना पण कोर्टात वजन आहे हे तिने दाखवलं.

मग लायसन्समध्ये पेटंटचं काहीच नसतं का? असतं, पण सगळ्यांत नाही. एमआयटीमध्ये पेटंट हा शब्दच नाही, वापर आणि विक म्हटलं म्हणजे ती परवानगी गृहीतच आहे असं बरेच जण मानतात पण ते गृहीतच. २००४ चं अपाची २.० मात्र सरळ सांगतं की कोड देणारा प्रत्येकजण आपल्या योगदानाला लागणाऱ्या स्वतःच्या पेटंटची परवानगी पण देतोय, आणि तुम्ही त्या सॉफ्टवेअरवर पेटंटचा खटला टाकला तर तुम्हाला मिळालेली पेटंटची परवानगी जाते. २००७ च्या जीपीएल ३ मध्ये पण पेटंटची स्पष्ट तरतूद आहे. सीसी झिरो (कॉपीराइटचे सगळे हक्क सोडून देण्याचं क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स) तर उघड म्हणतं की पेटंटचे हक्क आम्ही सोडत नाही, आणि म्हणूनच फेडोरा या लिनक्स प्रोजेक्टने २०२२ मध्ये कोडसाठी ते नको असं ठरवलं. रिॲक्टचं, म्हणजे वेबसाइट बनवायच्या फेसबुकच्या लायब्ररीचं, पण आठवतं, २०१७ मध्ये फेसबुकच्या पेटंटच्या कलमावरून एवढा गदारोळ झाला की त्यांनी ते काढून साधं एमआयटी लावलं आणि सगळे खूश झाले, पण पेटंटची लेखी परवानगी पण त्याच्यासोबत गेली हे कमी जणांच्या लक्षात आलं.

तरी हे सगळं फक्त कोड देणाऱ्यांच्या पेटंटपुरतं. बाहेरच्यांसाठी वेगळी व्यवस्था लागते. ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क २००५ मध्ये त्यासाठीच निघालं, फुकटात सही करून सभासद व्हायचं आणि लिनक्स सिस्टिमच्या ठरलेल्या पॅकेजेसवर एकमेकांविरुद्ध पेटंट वापरायचं नाही, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट पण त्यात आलं. पण जे स्वतः काहीच बनवत नाहीत, फक्त पेटंट धरून बसतात, ते कशाला सही करतील. २०१९ मध्ये ग्नोम फाउंडेशनवर (लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपमागची संस्था) शॉटवेल या फोटो ॲपवरून असाच खटला पडला, लोकांनी वर्गणी काढून तो लढवला, २०२० च्या तडजोडीत समोरच्याने ओएसआय (ओपन सोर्स लायसन्सं तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लायसन्सखालच्या कुठल्याही सॉफ्टवेअरवर दावा न करण्याचं कबूल केलं आणि ते पेटंट २०२२ मध्ये रद्दच झालं.

नवीन प्रोजेक्ट सुरू करताना मी आता एमआयटीऐवजी अपाची घेतो, चार पानं जास्त असली तरी. आणि नोकरीत असताना अपाचीवाल्या प्रोजेक्टला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवणार असाल तर आधी कंपनीकडून लेखी होकार घ्या, कारण तुमच्या कामावर कॉपीराइट आणि पेटंट बऱ्याचदा कंपनीचं असतं आणि तिने हो म्हटल्याशिवाय तुम्ही देताय ती परवानगी मुळात तुमच्याकडेच नसते.