300 चा आकडा आला कुठून?

‘फाइल 300 डीपीआयची द्या’, म्हणजे इंचाला 300 बिंदूंची, हे वाक्य ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्याला कुठल्याही ऑफसेट प्रेसमध्ये गेलं की कानावर पडतंच. लहानमोठ्या ठिपक्यांची जाळी पाडून फोटो छापणं एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे. 300 चा आग्रह मात्र 1985 च्या सुमाराला डेस्कटॉप पब्लिशिंग आलं, त्यानंतरचा.

त्याआधी गिऱ्हाईक फोटो किंवा ट्रान्सपरन्सी (पारदर्शक रंगीत फिल्म) आणून द्यायचं. ड्रम स्कॅनरवर किती बारीक स्कॅन करायचं ते ऑपरेटर ठरवायचा, आणि तो आधी विचारायचा, ‘कागद कुठला?’ आर्ट पेपरला साधारण 150 लाइनची जाळी, वर्तमानपत्राच्या कागदाला 85 च्या आसपास. एका इंचात जाळीच्या जितक्या लाइन, त्याच्या दुप्पट पिक्सेल घ्यायचे, हा हिशेब. 150 ची दुप्पट 300. दीडपटीवरही, म्हणजे 225 वर, काम छान निघतं आणि वर्तमानपत्राला 170 पुरतात. पुढे कागद आणि जाळी विसरली गेली, आकडा तेवढा उरला.

घोळात भर घातली ‘डीपीआय’ने. पॉझिटिव्ह, म्हणजे छपाईची प्लेट बनवायची फिल्म, काढणारं मशीन इंचाला 2400 बिंदू पाडायचं. 150 ची जाळी घेतली की एका ठिपक्याच्या वाट्याला 16 गुणिले 16, म्हणजे 256 बिंदू यायचे. त्यातले किती काळे करायचे, यावर छटा ठरायची. मशीनचा बिंदू, जाळीचा ठिपका आणि फाइलमधला पिक्सेल ही तीन वेगळी मापं, पण तिघांनाही आपण डीपीआयच म्हणत आलो. माझ्या मते निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. फाइलच्या बाबतीत पीपीआयच, म्हणजे इंचाला किती पिक्सेल, म्हणायला हवं.

पुढे सीटीपी (कॉम्प्युटर टू प्लेट) आलं, फाइल थेट प्लेटवर जाऊ लागली आणि पॉझिटिव्ह लाइट टेबलवर ठेवून भिंगातून बघायची पायरी गेली. मग मोबाइल आला. आता फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि कुणीतरी सॉफ्टवेअरच्या चौकटीत 72 खोडून 300 टाकतो. रीसॅम्पल, म्हणजे पिक्सेलची संख्या बदलायची सोय, चालू असेल तर सॉफ्टवेअर पिक्सेल मनानेच भरतं. चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो, पापण्या एकमेकींना चिकटतात.

एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला असाच 1600 पिक्सेल रुंदीचा फोटो आला होता. सव्वाआठ इंचांवर पसरला तर इंचाला 194 पिक्सेल पडत होते. आर्ट पेपर, 150 ची जाळी. मूळ फोटो मिळत नव्हता. शेवटी तो सव्वापाच इंचांत बसवला आणि भोवती सपाट शेंदरी रंग सोडला.