यिर्मया २९:११ : दिलाशाच्या वचनामागचे पत्र

आजारपण, सुटलेली नोकरी, घरातले मरण अशा वेळी ख्रिस्ती घरांत हमखास आठवले जाणारे वचन म्हणजे यिर्मया २९:११, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचे अकरावे वचन. तुमच्याविषयी देवाच्या मनात असलेले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असा त्याचा आशय. भेटकार्डावर ते एकटेच छापतात आणि घोटाळा तिथेच होतो. मुळात हे वाक्य एका पत्रातले आहे आणि त्याच्या लगेच आधीच्या वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितलेली आहे.

इ.स.पू. ५९७च्या मार्चमध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाची राजधानी यरुशलेम घेतली. राजा यखन्या (यहोयाखीन), त्याची आई, दरबारी, कारागीर आणि लोहार यांना बाबेलला नेण्यात आले, सिद्कीयाला गादीवर बसवण्यात आले. मंदिर मात्र अजून उभे होते. त्यामुळे संकट थोड्या दिवसांचे आहे, अशी आशा नेलेल्यांनाही होती आणि मागे राहिलेल्यांनाही. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात, याजकांच्या देखत, जाहीर केले की दोन वर्षांत सगळे परत येतील. बाबेलची सत्ता मानावी लागेल याची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू काढून त्याने मोडून टाकले. दोन वर्षे कोणाला नको होती?

यिर्मयाचे पत्र याच्या नेमके उलट आहे. ते सिद्कीयाने नबुखद्नेस्सराकडे धाडलेल्या दूतांबरोबर गेले: शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या. पत्रातल्या सूचना अगदी संसारी आहेत. घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, नातवंडे होऊ द्या, संख्या घटू देऊ नका. फळझाडे लावून फळ खायचे तर दोन वर्षांच्या हिशेबाने चालत नाही, हे ऐकणाऱ्यांना न सांगता कळले असणार. त्याहून जड सूचना सातव्या वचनात आहे: ज्या नगरात धरून नेले, त्याच नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे.

लोक तिथे खरोखर वसले. बाबेलच्या उत्खननातल्या शिधावाटपाच्या मृत्तिकापट्टांवर यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाची नोंद आहे. ‘अल-याहुदू’ म्हणजे ‘यहूदाचे नगर’ या वस्तीतले पट्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतले सर्वांत जुने इ.स.पू. ५७२च्या सुमाराचे, आणि त्यांत यहूदी माणसे जमीन कसताना, कर भरताना, करारमदार करताना दिसतात.

सत्तर वर्षांचे गणित अभ्यासक वेगवेगळे मांडतात. नबुखद्नेस्सर गादीवर आला त्या इ.स.पू. ६०५ पासून पारसाचा राजा कोरेश याने ५३८मध्ये दिलेल्या परतीच्या परवानगीपर्यंत मोजले तर सदुसष्ट वर्षे भरतात. मंदिर पडले ५८६ मध्ये आणि नवे पूर्ण झाले ५१६च्या आसपास, तिथे सत्तर जुळतात. आकडा कसाही मोजा, पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. आशा होती ती नातवंडांच्या वाट्याची.

म्हणून अडचणीत हे वचन वाचायचे तर निदान अध्याय २८ आणि २९:१-१४ सलग वाचावे, तेही मोठ्याने, कारण पत्र समुदायासमोर वाचण्यासाठीच होते. आठवे-नववे वचन गाळू नये. गोड भविष्य सांगणाऱ्यांपासून सावध राहण्याची ताकीद तिथे आहे. अकरावे वचन ‘माझी बदली रद्द होईल’, ‘महिन्याभरात रिपोर्ट चांगला येईल’ अशा हमीसारखे वापरले की महिना उलटल्यावर माणूस देवावर तरी रुसतो, नाहीतर आपला विश्वास कमी पडला म्हणून स्वतःला बोल लावतो. पत्रात तशी हमी नाही. त्यात आज करायची कामे आहेत, आणि बाराव्या-तेराव्या वचनात त्या परक्या मुलखातूनच देवाला हाक मारण्याचे, तो सापडेल याचे आश्वासन.

बाबेलमध्ये हे सर्वांना रुचले नाही. शमाया नेहेलामी याने यरुशलेमातल्या याजकांना उलट लिहिले की बंदिवास लांबेल, घरे बांधा असे सांगणाऱ्या या वेड्याला खोड्यात का घातले नाही?