पहिली पीसीपी एअर रायफल घेण्यापूर्वी: परवाना, पात्रता आणि कागदपत्रे

प्रीचार्ज्ड न्यूमॅटिक, म्हणजेच पीसीपी प्रकारच्या एअर रायफलमध्ये हवा साधारणपणे 200 ते 300 बार (बार हे दाबाचे एकक) दाबाने टाकीत आधीच भरलेली असते आणि ट्रिगर ओढल्यावर तिचा मोजका भाग छऱ्यामागे सोडला जातो. स्प्रिंग ताणण्याचे कष्ट नाहीत आणि धक्काही जवळजवळ जाणवत नाही, त्यामुळे नवीन नेमबाजाला ती सोयीची वाटते. परंतु मॉडेल आधी ठरवून परवान्याची चौकशी नंतर करणे चुकीचे आहे. कायदा ज्या दोन आकड्यांकडे पाहतो ते, म्हणजे मझल एनर्जी (नळीतून बाहेर पडताना छऱ्याची ऊर्जा) आणि नळीचा आतील व्यास, आधी निश्चित करावेत.

परवाना कोणत्या आकड्यापासून लागतो ही मर्यादा देशागणिक बदलते. भारतात शस्त्र नियम 2016 नुसार 20 ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा किंवा 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास असलेल्या एअर रायफलला परवाना लागतो, म्हणजे 5.5 मिलिमीटरची रायफल कमी शक्तीची असली तरी परवान्याच्या कक्षेत येते. इंग्लंडमध्ये 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16.27 ज्यूल, ओलांडणाऱ्या रायफलसाठी पोलिसांचे फायरआर्म प्रमाणपत्र आवश्यक असते. स्कॉटलंडमध्ये मात्र 31 डिसेंबर 2016 पासून त्याखालील रायफलसाठीही प्रमाणपत्र लागते. जर्मनीत ही सीमा 7.5 ज्यूल आहे आणि त्या मर्यादेतील रायफलवर पंचकोनात एफ हे अक्षर कोरलेले असते.

विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यावर थांबू नये, कारण ऊर्जा छऱ्यानुसार बदलते. 0.547 ग्रॅमचा छरा सेकंदाला 240 मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा सुमारे 15.8 ज्यूल भरते. त्याच रायफलमधून 0.67 ग्रॅमचा छरा 222 मीटर वेगाने सुटला तर ती सुमारे 16.5 ज्यूल होते आणि इंग्लंडमधील मर्यादा ओलांडली जाते. स्प्रिंगच्या रायफलमध्ये जड छऱ्याने ऊर्जा बहुधा घटते, पीसीपीमध्ये ती बहुधा वाढते. ही बाब नवख्यांच्या हमखास लक्षातून सुटते. म्हणून आपण वापरू इच्छितो त्यांतील सर्वांत जड छऱ्याची क्रोनोग्राफवरील, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणावरील, नोंद मागावी. रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक वेळी सुटणाऱ्या हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग, नसलेल्या रायफलमध्ये टाकीतील दाब उतरत जातो तसा वेगही बदलतो, तेव्हा चाचणी एका गोळीची न घेता पूर्ण भरलेल्या टाकीपासून पुढे सलग घ्यावी. शक्ती कमी-जास्त करण्याची कळ असल्यास तिच्या कमाल स्थितीतील आकडाच ग्राह्य धरणे सुरक्षित असते.

परवाना लागणारी रायफल घ्यायची असल्यास भारतात अर्ज ए-1 नमुन्यात परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे सामान्यतः जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांच्याकडे, करावा लागतो. शस्त्र अधिनियम 1959 नुसार अर्जदाराचे वय 21 वर्षे पूर्ण असावे, आणि हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावासाची शिक्षा झालेल्या व्यक्तीला शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षांपर्यंत शस्त्र बाळगता येत नाही. अर्जासोबत ओळखीचा, जन्मतारखेचा आणि निवासाचा पुरावा, छायाचित्रे, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याबाबतची हमी जोडावी लागते. त्यानंतर पोलिसांकडून पडताळणी होते. रायफल कशासाठी हवी हे अर्जात नेमके लिहावे. क्रीडा नेमबाजीसाठी अर्ज असेल आणि संस्थेचे सदस्यत्व असेल, तर त्याचा पुरावा जोडल्याने हेतू स्पष्ट होतो.

परवाना लागत नसलेल्या रायफलच्या बाबतीतही बिल जपावे आणि त्यावर अनुक्रमांक, व्यास व ऊर्जा नमूद करून घ्यावी, कारण पुढे तपासणी झाल्यास रायफल मर्यादेत आहे हे दाखवण्याचा सोपा आधार तोच असतो. रेग्युलेटरचा दाब वाढवला किंवा नळी बदलली तर हा आधार उरत नाही आणि रायफल नकळत परवान्याच्या कक्षेत जाऊ शकते, म्हणून असा बदल करण्यापूर्वीच प्राधिकरणाकडे विचारणा करावी.

हवा भरण्याचा सिलिंडर स्वतंत्र घेत असाल तर त्याच्यावर कोरलेली चाचणीची तारीख आणि कमाल दाब पाहावा. मुदत संपलेला सिलिंडर भरून देण्यास जबाबदार केंद्र नकार देते. हातपंप निवडल्यास सिलिंडरच्या चाचणीची ही कटकट टळते, मात्र 200 बारपर्यंत हाताने भरणे दमवणारे असते आणि पंपातील आर्द्रता काढण्याची सोय आहे का, हे खरेदीपूर्वी तपासावे लागते.