‘काही नाही झालं’ म्हणणारं डोकं

उत्तरायण म्हणजे संक्रांत आणि वासी उत्तरायण म्हणजे तिचा दुसरा दिवस, पतंगांचे हे दोन दिवस बडोदं गच्चीवर राहायला जातं. दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही तिळगुळाशेजारी उंधियू असतो आणि ‘लपेट!’ची आरोळी उठते. नजर आभाळात, पावलं मागे मागे, कठडा गुडघ्याएवढा. एखादा पोरगा खालच्या पत्र्यावर पडतो, उठतो, कपडे झटकतो. ‘काही नाही झालं, फिरकी दे.’ आजी टेंगळावर हळद लावते.

मला भीती वाटते ती या ‘काही नाही’ची.

डोळ्याची बाहेरची कड आणि कान यांच्यामध्ये, कानशिलावर बोट ठेवून पाहा. इथे कवटीची चार हाडं जुळतात आणि ती पातळ असतात. आतून एक धमनी जाते, हाडात स्वतःची पन्हळ पाडून. हाड तडकलं की तीही फाटू शकते. रक्त हाड आणि मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये साचतं. पण ते आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, सुटायला वेळ लागतो. तेवढा वेळ, कधी काही तास, पोरगा नीट बोलतो, जेवतोसुद्धा. मग डोकं ठणकतं, उलट्या होतात, गुंगी येते, बहुधा त्याच बाजूची बाहुली मोठी होते. सीटी स्कॅन करून वेळेत कवटी उघडली, रक्त काढलं, तर बरेच जण पूर्ण बरे होतात. टेंगूळ केवढं, यावरून आतलं काही कळत नाही.

चेहऱ्याचं गणित निराळं. रने ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाने मृतदेहांच्या चेहऱ्यांवर आघात करून १९०१मध्ये दाखवलं, की वरचा जबडा ठरावीक तीन रेषांवर तुटतो. गालामागे पोकळ्या, भोवती पातळ हाडं. ती मोडताना दणक्याचा जोर बराच जिरतो. आता ही हाडं टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडतात. जबडा तारांनी बांधला, तर काही आठवडे पेज आणि कढी.

पक्का दात निखळला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवून अर्ध्या तासात दंतवैद्य गाठावा. नाकातून पाण्यासारखं पातळ गळत असेल तर मात्र बोळा कोंबू नका, शिंकरूही देऊ नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. थेट इस्पितळ.

मांज्यापासून गळा वाचावा म्हणून त्या दिवसांत स्कूटरला वाकवलेली सळई लावतात. हेल्मेट बहुतेकदा कोपरात अडकवलेलं.