कोकणातलं जुनं कौलारू घर विकत घेताना

जांभ्याच्या जाड भिंती, पुढे पडवी, ओटीवर झोपाळा, माजघरात फणसाचे खांब, मागे विहीर आणि चार पोफळी. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत अशी घरं आज विक्रीला निघतात, कारण घरातली पुढची पिढी मुंबई-पुण्यात स्थिरावली आहे. ही घरं टिकावीत असं आम्हाला मनापासून वाटतं आणि डागडुजी करून त्यात आनंदाने राहता येतं. मात्र भाव ठरवण्याआधी घराला नेमकं काय झालं आहे ते कळलं पाहिजे. घराच्या पाहणीसाठी आम्हाला बोलावणाऱ्यांना आम्ही जे सांगतो ते इथे दिलं आहे.

घर पावसात बघा

दिवाळीनंतरच्या उन्हात प्रत्येक जुनं घर देखणं दिसतं. जमल्यास जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असताना दोन-तीन तास घरात थांबा. कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. घराने व्यापलेली जागा 100 चौरस मीटर धरली, तर एका पावसाळ्यात छपरावरून तीन लाख लिटर पाणी खाली येतं. हे पाणी कुठे पडतं आणि कुठून निघून जातं यावरच अशा घराचं आयुष्य ठरतं. इतर सगळे दोष त्यातूनच उगवतात.

पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून किमान दोन फूट लांब पडलं पाहिजे आणि तिथे उतार असलेला पक्का चर हवा, दर दहा फुटांना सव्वा इंच तरी. पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षं माती आणि पालापाचोळा साचून अंगण जोत्याच्या बरोबरीला आलेलं असतं. मग पाणी भिंतीच्या पायात मुरतं. उपाय साधा आहे: अंगणाची माती एक-दीड फूट काढून टाकायची. डोंगराच्या उतारावरच्या घरात मागची भिंत बघा. तिथे दरडीतलं पाणी थेट भिंतीवर येत असेल, तर घराच्या वरच्या अंगाला वेगळा चर खणून ते वळवावं लागतं, आणि त्यासाठी मागे जागा तुमच्या मालकीची असावी लागते.

उन्हाळ्यातच बघण्याची वेळ आली तर खुणा शोधा. भिंतीच्या पायाशी पांढरा खार, त्यावर ओलीची आडवी रेघ, वाशांवर काळे ओघळ, माळ्यावर ठिकठिकाणी ठेवलेली भांडी. माळ्यावर चढून दिवा मालवा. ज्या फटीतून उजेड येतो तिथून पाणीही येण्याचा संभव असतो.

छप्पर

मंगळुरी कौलं 1865 मध्ये मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात सुरू झाली आणि किनाऱ्याने वर सरकत कोकणात आली. एका कौलाचं वजन अडीच किलोच्या आसपास, आणि एका चौरस मीटरला साधारण 15 कौलं लागतात. वर धरलेल्या घराला 30 अंशांचा उतार असेल तर छपराचा पृष्ठभाग सुमारे 115 चौरस मीटर होतो. म्हणजे सव्वासतराशे कौलं, आढ्यावरची वेगळी, आणि लाकडावर चार टनांहून जास्त भार. पावसात कौल पाणी पितं, तेव्हा तो आणखी वाढतो.

अंगणात उभं राहून आढ्याची रेघ बघा. दोरी लावल्यावर वीस फुटांत दोन इंचांपेक्षा जास्त झोल असेल तर कौलं परतून भागणार नाही, खालचं लाकूड बदलावं लागेल. रिपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं अंतर साधारण 32 सेंटिमीटर लागतं. मधल्या काळात कोणी अंदाजाने रिपा ठोकल्या असतील तर कौलाची खाच बसत नाही आणि वाऱ्याच्या पावसात पाणी उलटं आत शिरतं.

फुटक्या कौलांचा प्रश्न नवख्यांना क्षुल्लक वाटतो, पण एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. कौलाच्या पाठीवरचा शिक्का वाचा आणि त्याच छापाची कौलं मोडलेल्या घरांतून मिळतील का, याची आधीच चौकशी करा. मिळणार नसतील तर एक अख्खी बाजू नव्या कौलांची करून तिथली जुनी कौलं दुसऱ्या बाजूच्या दुरुस्तीला वापरणं सगळ्यात शहाणपणाचं. वानरांचा त्रास असलेल्या गावात ही गरज दरवर्षी पडते. पावसाआधीची शाकारणी, म्हणजे कौलं परतणं, चुकवता येत नाही, आणि ती करणारा माणूस गावात आहे का, हे विकणाऱ्याला जरूर विचारा.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातली असंख्य छपरं उडाली. त्या पट्ट्यात घर बघत असाल तर छप्पर नंतर कसं बसवलं ते तपासा. घाईत टाकलेला पत्रा हलका असतो, म्हणून तो वाऱ्याला उचलला जातो. त्याच्या खालच्या कैच्या आणि वासे भिंतीला नीट जखडलेले हवेत. अर्ध्या घरावर स्लॅब आणि अर्ध्यावर कौलं असतील तर दोन्हींचा सांधा हमखास गळतो. तिथे नुसतं डांबर किंवा रसायन फासून दोन पावसाळ्यांपलीकडे निभावत नाही. रुंद पन्हळ घालून पाणी बाहेर काढावं लागतं.

लाकूड

साग, फणस, ऐन आणि किंजळ यांचं जुनं लाकूड आजच्या बाजारातल्या बहुतेक लाकडापेक्षा सरस असतं. म्हणून ते काढून लोखंड घालण्याची घाई करू नका. तपासणीला हातोडीचा दांडा आणि अणकुचीदार आर पुरते. दांडा मारल्यावर खणखणीत आवाज आला तर लाकूड भरीव, बद्द आला तर आतून पोकळ. आर पाव इंचाहून खोल सहज गेली तर ती जागा खडूने खूण करून ठेवा.

सगळ्यात आधी तुळयांची भिंतीत गेलेली टोकं बघा. भिंतीच्या माथ्यावरचं एखादं कौल फुटलं की पाणी मातीत मुरतं, टोक सतत ओलं राहतं आणि मधली तुळई शाबूत दिसत असतानाच टेकणारा भाग कुजतो. घर बसतं ते इथून. एक-दोन टोकं गेली असतील तर खाली टेकू देऊन किडका भाग कापतात, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांधतात आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून आरपार बोल्ट घालतात. एका ओळीतली बहुतेक टोकं गेली असतील तर तो खर्च नव्या छपराच्या जवळ जातो. भावात तो धरता येत नसेल तर हे घर सोडून द्या.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दारांच्या चौकटीमागे, देव्हाऱ्याच्या मागे आणि माळ्याच्या कोपऱ्यात शोधा. नळी मोडून दोन दिवसांनी पुन्हा बघा. ती परत बांधली गेली तर वाळवी जिवंत आहे. औषध जमीन आणि भिंतीच्या सांध्यात एक-एक फुटावर भोकं पाडून सोडतात. जांभा सच्छिद्र असल्याने ते दूरवर झिरपू शकतं, तेव्हा विहिरीच्या बाजूला हे काम जपून आणि परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर ती वाळवी नव्हे, भुंगेऱ्याची कीड आहे. तिच्यावर लाकडालाच औषध पाजावं लागतं.

भिंती आणि जमीन

जुन्या भिंती दीड ते दोन फूट जाड, मातीत किंवा चुन्यात रचलेल्या असतात. ओळंबा लावा. दहा फूट उंचीत एक इंचापेक्षा जास्त कल असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहा; दोन-तीन महिन्यांत पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. जोत्याखाली घुशींची बिळं असली की कोपरा खचतो, हेही बघा.

घर ‘नवं’ दिसावं म्हणून विकण्याआधी सिमेंटचा गिलावा मारण्याची पद्धत वाढली आहे. जांभ्याला तो मानवत नाही. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही, ती वर चढते, आणि काही पावसाळ्यांत गिलावा पोपड्यांनी सुटतो. तो काढून चुन्याचा गिलावा करावा लागतो: किमान पंधरा दिवस पाण्यात विरवलेला चुना एक भाग, धुतलेली रेती तीन भाग, दोन थर, आणि वर आठ-दहा दिवस ओलावा. हे काम नोव्हेंबर ते मार्च या काळातच करावं. खाडीची न धुतलेली रेती कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका, तिच्यातल्या मिठाने भिंत कायम पाझरते.

हेच शेणाच्या किंवा मातीच्या जमिनीचं. तिच्यावर थेट चकचकीत फरशी बसवली की खालची ओल भिंतीकडे वळते. आधी खडीचा थर आणि त्यावर चुन्याचा कोबा करा. शौचालय आणि न्हाणीघर मूळ घरात न कोंबता पडवीला लागून वेगळ्या भिंतींत बांधा, माळ्यावर तर नकोच. मैल्याची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान 50 फूट लांब ठेवा.

विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये किती उरतं ते शेजाऱ्यांना विचारा. वायरिंग जुन्या लाकडी पट्ट्यांवरून गेलेलं असेल तर ते सगळं बदलायचंच आहे असं धरा, अर्थिंगसकट.

रस्ता विसरू नका. घरापर्यंत फक्त पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट असेल तर रेती, चुना, 25-30 किलोचा प्रत्येक चिरा डोक्यावरून न्यावा लागतो, आणि मजुरी मालापेक्षा महाग पडू शकते.

कागद

गळकं छप्पर दुरुस्त होतं. सही न करणारा वारस दुरुस्त करता येत नाही. घर आजोबा-पणजोबांच्या नावावर असतं आणि हक्क वीस-पंचवीस जणांचा. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, लग्न झालेल्या मुलीचाही. वारसनोंदीचे सगळे फेरफार मागा. सर्वांची खरेदीखतावर सही हवी, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. ‘ते काही म्हणणार नाहीत’ या शब्दावर बयाणा देऊ नका.

ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, म्हणजे नमुना 8, कर कोणाकडून घ्यायचा ते सांगतो. त्यावर मालकी सिद्ध होत नाही. घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका किंवा सनद बघा. गावठाणाबाहेर असेल तर घराखालची जमीन सातबाऱ्यावर शेतजमीन म्हणून असू शकते, आणि 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. इतर अधिकारांच्या रकान्यात कुळाचं नाव, कलम 43 ची अट (कुळाने घेतलेली जमीन विकण्यावरचं बंधन), बोजा किंवा वहिवाटीचा हक्क आहे का ते वकिलाकडून तपासा, आणि मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या. सरकारी मोजणी विकणाऱ्याकडून करून घ्या. जुना गडगा (दगडी कुंपण) आणि नकाशातली हद्द एकच असेल असं गृहीत धरू नका. सामाईक विहीर आणि पाणंद यांचा हक्क खरेदीखतात शब्दांत लिहून घ्या. समुद्रालगतच्या घरात दुरुस्तीला आणि वाढीव बांधकामाला किनारा नियमनाची बंधनं लागू होतात. मातीत रचलेल्या कौलारू घरावर कर्ज द्यायला अनेक बँका हात आखडतात, तेव्हा पैशाची सोय आधी बघा.

करारनाम्यात घराबरोबर काय मिळणार याची यादी जोडा: कोरीव दार, झोपाळ्याच्या कड्या, माळ्यावरचा जुन्या कौलांचा साठा, सुटं लाकूड. ताबा देण्याआधी नेमक्या याच वस्तू हलवल्या जातात.

पाहणीला बोलावताना

माळ्याची आणि बंद खोल्यांची किल्ली, पंधरा फुटांची शिडी आणि दहा-बारा कौलं काढून बघण्याची मालकाची परवानगी तयार ठेवा. तुळयांची टोकं त्याशिवाय दिसत नाहीत. सातबारा, फेरफार आणि घरपट्टीचा उतारा यांच्या प्रती आधी पाठवा. छप्पर, पाण्याचा निचरा, लाकूड, वायरिंग, गिलावा, जमीन या क्रमाने आम्ही कामाचा अंदाज देतो, कारण कामही त्याच क्रमाने करावं लागतं. यातलं छप्पर आणि चर मेअखेर पूर्ण होणार नसतील तर आतलं कोणतंही काम त्या वर्षी सुरू करू नका.