नट लेखक झाला, निर्माता झाला. मालिका कुणाची झाली?

मराठी मालिकेच्या श्रेयनामावलीत ‘पटकथा’, ‘संवाद’ किंवा ‘निर्मिती’ या शब्दांपुढे नटाचं नाव आलं तर आता कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. रंगभूमीला तर त्याचं कधीच अप्रूप नव्हतं. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांत एकांकिका लिहिणारा, बसवणारा आणि त्यात काम करणारा बरेचदा एकच असतो, आणि मालिकांत आलेली बरीच मंडळी त्याच मुशीतली.

1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तरी नटाला मालिका ‘चालवायची’ वाट खुली झाली ती 1984 पासून, प्रायोजित मालिका आल्यावर. पद्धत साधारण अशी: निर्मात्याने पदरच्या पैशाने भाग काढायचे, प्रक्षेपण शुल्क भरायचं आणि त्या बदल्यात मिळालेली जाहिरातीची सेकंदं विकून खर्च भरून काढायचा. ओळखीच्या चेहऱ्याला इथे फायदा होता. जाहिरातदार निदान भेटायला तरी तयार व्हायचा. बुडालं तर घर बुडायचं, पण मालिका आपली राहायची.

मराठीत 1999 आणि 2000 साली खासगी वाहिन्या आल्या आणि पुढे हा हिशेब उलटा झाला. वाहिनी दर भागाला ठरलेली रक्कम देते आणि मालिकेचे हक्क स्वतःकडे ठेवते. या व्यवहारावर इंडस्ट्रीत अजून दोन तट आहेत. वाहिनीवाले म्हणतात, पडलेल्या मालिकेचा तोटा आम्हीच सोसतो. तेही खरंच. मात्र गुरुवारी आलेले टीआरपीचे आकडे बघून मालिका अचानक गुंडाळली की सेटवर घातलेला पैसा निर्मात्याचा अडकतो. आणि मालिका तुफान चालली तर तिचं डबिंग, रिमेक, ओटीटी यांतला वाटा निर्मात्याच्या करारात शोधून सापडत नाही. म्हणजे ‘निर्माता’ ही पाटी तीच राहिली, काम मात्र ठेकेदाराचं झालं. नट हौसेने निर्मितीत उतरतात, ते बहुधा हे कागद नीट न वाचता.

लेखनाचा रस्ता वेगळा. 1998 साली एका हिंदी अभिनेत्रीने ‘सांस’ स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. ती साप्ताहिक होती म्हणून हे जमलं. पुढे रोजच्या मालिकांचं पेव फुटलं. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येकी बावीसेक मिनिटांचे, हे एकट्याच्या हाताबाहेरचं काम. मग कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी झाली आणि ‘एपिसोडची बँक’, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपली की सीन थेट सेटवर यायला लागले. मेकअप चालू असताना हातात पडलेलं पान वाचून नट म्हणतो, ‘माझी आई असं बोलणारच नाही,’ आणि पेनाने दोन वाक्यं बदलतो. कित्येक संवादलेखकांची उमेदवारी अशीच झाली, बिनपैशाची.

2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क करारातून काढून घेता येणार नाही असं ठरवलं. मालिकांच्या करारांत मात्र ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ ही ओळ सुखाने नांदत राहिली. सहीच्या वेळी कायदा दाखवणाऱ्या नव्या लेखकाला पुढचं काम कोण देणार, हा प्रश्न कायद्यात बसत नाही.

तरी माणसं उतरलीच. 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या विनोदी कार्यक्रमाचा सूत्रसंचालकच त्याचा लेखक आणि दिग्दर्शक होता. तो स्वतः अभिनयाच्या स्पर्धेतून पुढे आलेला. 2017 साली साताऱ्याच्या परिसरात चित्रित झालेली ‘लागिरं झालं जी’ ही फौजीची मालिका एका अभिनेत्रीने निर्मितीत उतरून काढली. मढ आणि मीरा रोडच्या बंगल्यांतून मालिका गावाकडे निघाल्या, त्यात या मंडळींचा हात मोठा. स्थानिक नट मिळाले, बोली खरी झाली. हक्कांचं कलम मात्र साताऱ्यातही मुंबईतलंच राहिलं.

त्याच सुमारास यूट्यूबवर मराठी वेबमालिका आल्या. तिथे लिहिणारे, अभिनय करणारे आणि चॅनेलचे मालक बरेचदा तेच. पैसा ब्रँड देतो, तोही मालिका किती पाहिली जाते ते बघून. वाहिन्यांवर नाव झालेले काही नटही आता आधी तिकडे स्वतःचं काहीतरी करून पाहतात आणि मग वाहिनीच्या दारात जातात.